४२ लिटरची स्की सॅक: पांडवलेणी ते गुलमर्ग

स्कीची सॅक हवीय म्हटल्यावर नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानात मला क्रिकेटची किटबॅग दाखवली. "ताई, बॅट मावते म्हणजे तुमच्या त्या पट्ट्याही मावतील." शेवटी ऑनलाइन मागवली. ४२ लिटर, रिकामी असताना १४०० ग्रॅम, किंमत चौदा हजार. घरी अजून नऊच सांगितलेत.

फेब्रुवारीत गुलमर्गला चार दिवसांची स्की टूर होती, त्यातल्या दोन रात्री तंबूत. माझी जुनी ६० लिटरची सॅक साल्हेर-मुल्हेरला चालून जाते, पण ती पाठीवर डुलते, आणि स्कीवर डुलणारं ओझं वळणावर तुम्हाला हमखास आडवं पाडतं.

लिटरपेक्षा पाठीचं माप बघा. मान वाकवल्यावर हाताला लागणारं हाड ते कमरेच्या हाडाची वरची कड, शिवणाच्या टेपने मोजायचं. माझं सोळा इंच भरलं. आधी मोठा साइज आला होता, त्याचा हिप बेल्ट थेट मांड्यांवर. बदलून घेतला. मग तांदळाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या भरून महिनाभर रोज सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या. "लेण्यात भंडारा आहे का?" असं फिरायला येणाऱ्या एका काकांनी विचारलंच. पण वजन कमरेवर बसत होतं, खांद्यावर वळ नाहीत.

बर्फात खरी कामाला आली ती पाठीकडची चेन. सॅक बर्फात टाकताना पट्टे वर ठेवायचे, म्हणजे पाठीला लागणारी बाजू कोरडी राहते. चेनही त्याच बाजूला, त्यामुळे तळातली स्लीपिंग बॅग काढायला वरचं सामान उपसावं लागत नाही. फावडं आणि प्रोबला (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी) पुढे वेगळा कप्पा आहे. हिमस्खलनात कोणी गाडलं गेलं तर तेव्हा चड्ड्या-मोज्यांखाली फावडं शोधत बसायचं नसतं. (ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं सिग्नलचं यंत्र, अंगावरच, सॅकमध्ये कधीच नाही.) पाण्याच्या नळीची सोय आहे, पण पहिल्याच सकाळी नळी गोठली. नंतर बाटलीच नेली, तीही उलटी ठेवून, कारण बर्फ वरून धरतो.

आता तक्रारी. दोन्ही बाजूंना एकेक स्की लावून टोकं डोक्यावर बांधली की खालची टोकं माझ्या पोटऱ्यांवर आपटतात. उंची पाच फूट दोन इंच, दोष निम्मा माझा. तिरकी बांधली तर बरं. चेनच्या कड्या इतक्या बारीक की जाड हातमोज्यात सापडत नाहीत. निघण्याआधीच भद्रकालीतल्या बॅग दुरुस्तीवाल्या चाचांकडून त्यांना दोरीचे फास लावून घेतले होते. चाळीस रुपये. "मोठेच करतो, नाहीतर परत याल," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पहाटे छातीवरच्या पट्ट्याचं बकल थंडीत तडकलं. कंपनीचं उत्तर: वापरातली झीज, वॉरंटीत बसत नाही. तीन दिवसांत झीज! परत चाचांकडेच गेले. वीस रुपयांचं काळं बकल, शाळेच्या दप्तरांना लावतात ते. अंजनेरीला दोनदा जाऊन आले, अजून टिकलंय.

चौदापैकी अकरा हजारांची सॅक आहे. सेलमध्ये मिळाली तर घ्या. पुढच्या रविवारी हरिहरला नेतेय, स्कीचे पट्टे तेवढे काढून ठेवलेत. त्या उभ्या कातळपायऱ्यांवर लोंबतं काही नको.