डॉज रॅमच्या ५.९ कमिन्सला ६३ चा टर्बो टाकला, चौदा महिने वापरून लिहितोय

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. २००६ ची डॉज रॅम २५००, इंजिन ५.९ लिटर सहा सिलिंडर कमिन्स, गिअरबॉक्स जी५६ म्हणजे सहा गिअरचा मॅन्युअल. कंपनीतनं निघताना हे इंजिन ३२५ हॉर्सपॉवर आणि १६०० आरपीएमला ६१० पाउंड-फूट टॉर्क देतं. आम्ही राहतो अमेरिकेत, इंडियानातल्या कोलंबसला, म्हणजे कमिन्सच्याच गावात, गावाच्या दक्षिणेला वेल्सबोरोला जो प्लांट आहे तिथंच रॅमची ही इंजिनं बनतात, त्यामुळे इथं दर चौथ्या माणसाला या इंजिनाबद्दल मत आहे आणि प्रत्येक जण आपलं मत खात्रीनं सांगतो. माझ्या दृष्टीनं कारण अजून जुनं आहे. अण्णांकडे सांगलीला टाटा १६१३ होती, तिच्यातही कमिन्सचं ५.९ च होतं, ह्याच बी सिरीजमधलं. बेदाणा भरून वाशीला जायचे तेव्हा मी सुट्टीत क्लीनर साइडला बसायचो, खंबाटकीला गाडी तिसऱ्यात पडली की टर्बोची ती बारीक शिट्टी ऐकू यायची. तो आवाज डोक्यातनं कधी गेलाच नाही, इथं आल्यावर पहिली संधी मिळाल्याबरोबर हीच गाडी शोधून घेतली.

टर्बो बदलायचं ठरलं ते हौसेनं नाही, कॅम्परमुळे. आमचा फिफ्थ-व्हील कॅम्पर (गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर) भरल्यावर ११ हजार पाउंडांच्या आसपास जातो. दर उन्हाळ्यात इथून आय-६५ नं नॅशव्हिल आणि तिथून आय-२४ नं चॅटानूगाकडे जातो, वाटेत टेनेसीत माँटइगलचा घाट लागतो. ट्रकवाल्यांना हे नाव माहितीच असतं. मी आधीच्या मालकानं टाकलेल्या ट्यूनवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग) गाडी चालवत होतो, म्हणजे डिझेल स्टॉकपेक्षा जास्त पडत होतं पण हवा मात्र जुन्याच टर्बोची, एचई३५१सीडब्ल्यूची. त्या चढाला पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा काटा, १३५० फॅरेनहाइटवर जाऊन बसायचा. मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट गोळा करून टर्बोला देणारा पाइप) टर्बोच्या आधी लावलेल्या प्रोबला १३०० च्या वर सतत चालवायचं नाही असं इथले सगळे जुने लोक सांगतात कारण पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत. मग मी पाय काढायचो, गाडी ताशी ४० मैलांवर यायची, मागं रांग लागायची, बायको विचारायची काय झालं. दोन वर्षं असं केलं.

आता मुद्द्याचं. मोठा टर्बो टाकला की गाडीला ताकद येते असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं, पण डिझेलमध्ये ताकद येते डिझेलनं. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून फक्त हवा देतो. डिझेल जास्त आणि हवा कमी असेल तर धूर होतो आणि एक्झॉस्ट तापतो, तेवढंच डिझेल आणि हवा भरपूर असेल तर ते नीट जळतं आणि तापमान खाली येतं. त्यामुळे तुमची ट्यून स्टॉक असेल आणि गाडी फक्त कामाला जायला-यायला वापरत असाल तर मोठ्या टर्बोनं गाडी खरं तर सुस्त वाटेल, कारण ते मोठं चाक फिरायला वेळ लागतो. माझे पैसे वसूल झाले ते वेगात नाही, पायरोमीटरच्या काट्यात झाले.

मी घेतला तो बोर्गवॉर्नरचा एस३६३ एसएक्सई. ६३ म्हणजे कंप्रेसरच्या चाकाचं हवा आत घेणारं तोंड साधारण ६३ मिमी. चाक ओतीव नाही, फोर्ज केलेल्या ठोकळ्यातनं मिल केलेलं, हातात घेऊन बघितलं तर पात्यांची धार आणि सफाई बघतच राहावं असं काम आहे. थ्रस्ट बेअरिंग पूर्ण ३६० अंशाचं आहे, जास्त बूस्टला, म्हणजे टर्बोनं दिलेल्या हवेचा दाब वाढला की, शाफ्ट पुढं-मागं ढकलला जातो तो भार हे बेअरिंग घेतं, ओढकाम करणाऱ्याला ही गोष्ट महत्त्वाची आहे. टर्बाइनची बाजू टी४ फ्लँज (टर्बो मॅनिफोल्डला जोडायचं तोंड, टी४ हे टी३ पेक्षा मोठं माप), ट्विन स्क्रोल म्हणजे एक्झॉस्ट आत यायला दोन वेगळे कप्पे. हे ट्विन स्क्रोल मला फार आवडतं म्हणून जरा थांबून सांगतो, आपल्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, आणि मॅनिफोल्डच्या एका कप्प्यात १-२-३ आणि दुसऱ्या कप्प्यात ४-५-६ चा एक्झॉस्ट येतो, म्हणजे बघा, पहिला धक्का ह्या कप्प्यात, दुसरा त्या कप्प्यात, परत ह्या, परत त्या. धक्के एकमेकांत मिसळून विरत नाहीत, आळीपाळीनं टर्बाइनला ढकलत राहतात. स्टॉकलाही कप्पे असतात, पण मोठा टर्बो लवकर फिरायला हवा असेल तर सिंगल स्क्रोलचं स्वस्त हाउसिंग घेऊन ही गोष्ट घालवू नका.

तो थेट जुन्या जागी बसत नाही. २००३ ते २००७ च्या गाड्यांचा मॅनिफोल्ड टी३ फ्लँजचा आहे, म्हणून इथं लोक सेकंड जेन स्वॅप करतात, म्हणजे त्याच्या आधीच्या पिढीच्या गाड्यांसारखा मॅनिफोल्ड घालून टर्बो जरा पुढे आणि वर आणायचा. त्यासोबत डाउनपाइप म्हणजे टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप, इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) जाणारा गरम पाइप, एअर इनटेक, ऑइलची येणारी आणि जाणारी लाइन सगळं नवं लागतं. टर्बो धरून मला साधारण २८०० डॉलर पडले, मजुरी वेगळी. मॅनिफोल्ड मी तीन तुकड्यांचा घेतला. स्टॉकचा अखंड ओतीव मॅनिफोल्ड वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन आक्रसतो आणि टोकाचे स्टड तोडतो, हे या इंजिनाचं जुनं दुखणं आहे. माझाही सहाव्या सिलिंडरचा स्टड तुटलेलाच निघाला, तो ड्रिल करून काढण्यात अख्खा शनिवार गेला. जुनी गाडी असेल तर हा दिवस आधीच धरून चला.

आता वाईट अनुभव, आणि तो टर्बोचा नाही, फिटिंगचा. मुलांच्या परीक्षा, ऑफिस, माझ्याकडे वेळ नव्हता म्हणून शेवटची जुळणी एका गॅरेजला दिली, नाव घेत नाही. गाडी घरी आणली, दोन दिवसांत सकाळी सिग्नलला थांबलो की निळा धूर. पोटात गोळा आला, म्हटलं नवीन टर्बोचे सील गेले. कंप्रेसरचा पाइप काढला तर आत ऑइलची पुसट थर, शाफ्ट हलवून बघितला तर ठणठणीत. खाली गेलो तेव्हा दिसलं, ऑइल परत जाणारी लाइन त्यांनी आडवी फिरवून मध्येच वर चढवलेली. टर्बोतून ऑइल बाहेर येतं ते प्रेशरनं नाही, नुसतं वजनानं खाली पडतं, फेसाळलेलं असतं, त्याला सरळ उतार लागतो, नाही तर ते आत तुंबतं आणि सीलमधनं बाहेर येतं. लाइन मी स्वतः सरळ केली, धूर बंद, आजपर्यंत परत नाही. तुम्ही कुणाकडूनही काम करून घ्या पण ही एक लाइन वाकून बघा, आणि पहिल्यांदा स्टार्ट करायच्या आधी टर्बोत ऑइल भरलंय का ते तोंडानं विचारा. कोरडा टर्बो पहिल्या काही सेकंदांतच बेअरिंग खराब करून घेतो.

अजून एक बारीक गोष्ट. जुन्या टर्बोचा वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) इंजिनाचा कॉम्प्युटर चालवतो, नव्याला तो नाही. ती झडप चालवणारा जुना सोलेनॉइड वायरला तसाच जोडून बाजूला बांधून ठेवा नाही तर चेक इंजिनचा दिवा लागून राहील.

चालवायला कसा आहे? गावात पहिल्या आठवड्यात मला पस्तावल्यासारखं झालं, खरं सांगतो. जुना टर्बो १५००-१६०० ला पूर्ण जागा व्हायचा, हा १९०० च्या पुढं खरा बोलतो. स्टॉपला थांबून निघताना जुन्या सवयीनं दुसऱ्यात लवकर टाकलं तर गाडी क्षणभर नुसती श्वास घेते. महिन्याभरात पाय आणि हात शिकले, आता गिअर दोनशे आरपीएम उशिरा टाकतो, बस. ज्यांची गाडी ऑटोमॅटिक आहे त्यांनी मात्र विचार करा, त्या ४८आरई गिअरबॉक्सला वाढीव टॉर्क तसाही झेपत नाही. माझ्या जी५६ चा मूळ क्लच सुद्धा आता जड ओझ्याला पाचव्यात सटकल्यासारखा वाटतो, तो पुढचा खर्च दिसतोय.

पण माँटइगल. गेल्या जूनमध्ये तोच कॅम्पर, तेवढंच ओझं, ट्यून तीच, ऊन पण तसंच. पाचवा गिअर, २२०० आरपीएम, ताशी ५५ मैलांचा वेग, बूस्ट ३४ पीएसआय, आणि पायरोमीटर ११५० च्या वर गेलाच नाही. मी सारखा काट्याकडे बघत होतो, विश्वास बसेना. वर पोचलो तेव्हा मुलगी मागून म्हणाली, बाबा आज हळू नाही झालं. २०० अंशांचा फरक मला एवढा मोठा वाटला की त्याच रात्री कॅम्पग्राउंडवरनं अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि बॉनेट उघडून आवाज ऐकवला. अण्णा म्हणाले, "शिट्टी बरी वाजतीया, पर घाट चढून आल्यावर लगीच बंद करू नगंस." ते त्यांच्या १६१३ ला ढाब्यावर थांबल्यावर सुद्धा तीन-चार मिनिटं आयडलवर ठेवायचे. बरोबरच आहे, लाल झालेला टर्बो ऑइल बंद करून सोडला तर आतलं ऑइल जळून बेअरिंगला चिकटतं.

चढ झाला, उताराचं राहिलं, आणि इथं मी आधी नीट विचार केला नव्हता. माझ्या जुन्या टर्बोच्या मागं एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून इंजिनानंच गाडी रोखणारी झडप) होता, नवा डाउनपाइप आला की तो बसतच नाही. ११ हजार पाउंड मागं घेऊन माँटइगल उतरायचा आणि इंजिनाचा ब्रेक नाही ही गोष्ट मला मान्य नव्हती म्हणून ट्रिपच्या आधी पॅकब्रेकचा चार इंची इनलाइन ब्रेक टाकला, हजार डॉलरच्या वर परत खर्च. उत्तम चालतो. हा खर्च कुठल्याच टर्बो किटच्या जाहिरातीत दिसत नाही, ओढकामवाल्यांनी तो पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. आणि बूस्ट ४० च्या पलीकडे न्यायचा असेल तर हेडचे बोल्ट बदलून एआरपी कंपनीचे जास्त मजबूत स्टड टाकावे लागतात, मी तिकडे जाणारच नाही, ३४ ला थांबलोय.

नियमाचं पण स्पष्ट सांगतो कारण अर्धे प्रश्न तेच येतात. माझ्या २००६ च्या गाडीला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे आणि तो मी ठेवलाय, नव्या डाउनपाइपला तो जोडून घेतला. इंडियानात एमिशनची तपासणी फक्त लेक आणि पोर्टर काउंटीत होते म्हणून आमच्या भागात लोक बिनधास्त काढून टाकतात, पण केंद्राचा क्लीन एअर ॲक्ट सगळीकडे लागू आहे आणि माझ्या मुलांच्या शाळेसमोरून हीच गाडी जाते. कॅलिफोर्नियात असाल तर त्या पार्टला कार्बचा (तिथलं हवा-प्रदूषण मंडळ) ईओ नंबर म्हणजे मंजुरीचा नंबर आहे का ते बघितल्याशिवाय घेऊ नका. २००७ च्या मध्यानंतरचं ६.७ असेल तर त्याचा टर्बो व्हेरिएबल जिओमेट्रीचा म्हणजे एक्झॉस्टची वाट गरजेप्रमाणे लहान-मोठी करणारा, तो ईजीआर, डीपीएफ आणि एक्झॉस्ट ब्रेक सगळ्याला बांधलेला आहे, त्याला हात लावू नका, बिघडला तर तसाच आणा.

आमच्या धाकट्या भावानं सांगलीहून विचारलं, दादा माझ्या गाडीला पण बसवूया का असला. त्याची बीएस६ आहे. मी सरळ नाही म्हणालो. तिथं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं दिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही, उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच काढेल, आणि त्याच्या भाड्याच्या धंद्यात गाडी चार दिवस उभी राहणं परवडत नाही. त्याला म्हणालो एअर फिल्टर वेळेवर बदल, इंटरकूलरचे होज आणि क्लॅम्प हात फिरवून बघ. फुटक्या होजमधनं बूस्ट गळत असतो आणि माणसं टर्बो बदलत बसतात. त्यानं बघितलं तर एक क्लॅम्प खरंच ढिला निघाला.

मला कुणी विचारलं तर पाचपैकी चार देईन. ओढकाम करता, ट्यून आहे, मॅन्युअल आहे, पायरोमीटर वर जातोय, तर घ्या. कॅम्पर नसेल किंवा ८-९ हजार पाउंडांच्या आतलं ओझं असेल तर जुन्याच जागी बसणारा थोडा लहान टर्बो घ्या, स्वॅपचा खर्च वाचेल आणि खालच्या आरपीएमला गाडी जास्त गोड वाटेल. आत्ता फेब्रुवारी आहे, बाहेर बर्फ आहे, सकाळी उणे तापमानात सुद्धा पहिल्या सेल्फला उठते, ५डब्ल्यू-४० ऑइल टाकलंय. जुना एचई३५१ धुऊन, तोंडं बंद करून गॅरेजमधल्या फळीवर ठेवलाय. एक जण ३०० डॉलर देत होता, दिला नाही.