मालीम जेटीवर नॅनोव्हीएनए: निवृत्त रडारवाल्याचा अभिप्राय

बंगळूरला रडारच्या अँटेना करण्यात नोकरी सरली. तिथे नेटवर्क अॅनालायझर, म्हणजे केबल-अँटेनात सिग्नल सोडून किती परत येतो ते मोजणारं उपकरण, हे एसी लॅबमधलं लाखोंचं यंत्र, त्यासाठी नंबर लावावा लागे. गोव्यात बेतीला घरी परतल्यावर काही हजारांत त्याचाच तळहाताएवढा अवतार, नॅनोव्हीएनए, घेतला. ट्रॉलरच्या व्हीएचएफ (बोटीबोटींत बोलायच्या रेडिओच्या) अँटेना तपासायला याच्याइतकं कामाचं दुसरं काही माझ्याकडे नाही.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी जेटीला लागलेल्या असतात, तेव्हा ही कामं निघतात. एक तांडेल म्हणाला, "भाई, सेट नवा घातला तरी पलीकडच्या बोटीला आवाज पोचत नाही." साध्या मीटरवर चॅनल १६ ला, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झला, एसडब्ल्यूआर (किती शक्ती परत फिरते त्याचा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) १.२. बघणारा म्हणेल, उत्तम! पण नॅनोच्या पडद्यावर फ्रिक्वेन्सीगणिक एसडब्ल्यूआरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. धडधाकट अँटेनाची रेघ आपल्या फ्रिक्वेन्सीला खाली उतरते आणि बाजूंना वर चढते. मग केबलच्या वरच्या टोकाची अँटेनाच काढली. आता सगळी शक्ती परत यायला हवी होती, तरी आकडा १.५! म्हणजे रिटर्न लॉस, परत येणाऱ्या सिग्नलमधली घट, १४ डेसिबल. शक्ती केबलच गिळत होती: जाऊन-येऊन १४, तर नुसतं जाताना ७. सेटचे २५ वॅट वर पोचेपर्यंत ५ उरत होते. कनेक्टर उघडला तर आतली जाळी काळी पडलेली, तांब्यावर हिरवा थर. खारं पाणी केबलीत उतरलं होतं. केबल बदलली, जोडावर रबरी टेप घट्ट ओढून गुंडाळली, आणि रेघेला हवी तशी दरी पडली.

उणिवा आहेत. उन्हात पडदा दिसत नाही, केबिनमध्ये शिरावं लागतं. यंत्रावरचे एसएमए (छोटे, आट्यांचे) कनेक्टर नाजूक. बोटीची जाड केबल थेट लोंबू देऊ नका, मध्ये लवचीक तुकडा घाला आणि ओपन, शॉर्ट, लोड हे कॅलिब्रेशन (तीन ठरावीक जोड लावून यंत्राचं माप जुळवणं) त्या तुकड्याच्या टोकाशी करा. फ्रिक्वेन्सीची कक्षा बदलली की पुन्हा करा. यात कंटाळा केलात तर आकड्यांना अर्थ नाही. माझ्याकडच्या मॉडेलमध्ये ३०० मेगाहर्ट्झच्या वर हार्मोनिक्सवर (मूळ सिग्नलच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सींवर) काम चालतं, तिथे अचूकता कमी होते. बोटीवरचं ९.४ गिगाहर्ट्झचं रडार याच्या आवाक्यात नाही.

फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या, अँटेनात करिअर करू पाहणाऱ्या मुलांनी नॅनो जरूर घ्यावा. सेटला जोडून मात्र चुकूनही ट्रान्समिटचं बटण दाबू नका, इनपुट जळेल.