सर्व्हरवरचे कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेले डबे) ब्राउझरमधून सांभाळायला पोर्टेनर की कॉकपिट?
दोन-चार कंटेनर असतील तर मी डोळे झाकून कॉकपिट घेईन. सर्व्हरच्याच खात्याने ९०९० पोर्टवर लॉगिन करायचं, पॉडमनचं (कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) प्लगइन टाकायचं, इमेज (ॲपचा तयार साचा) निवडून पोर्ट जोडायचा, झालं. शिवाय कंटेनर रूटशिवाय (सर्वाधिकार असलेल्या खात्याशिवाय), साध्या वापरकर्त्याच्या नावावर चालवता येतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

डझनभर ॲप सांभाळायची असतील तर मात्र पोर्टेनरच. तो स्वतःच एक कंटेनर आहे, ९४४३ वर उघडतो. कंपोज फाइल (कोणते कंटेनर कसे चालवायचे हे लिहिलेली फाइल) चिकटवली की ॲप, डेटाबेस, नेटवर्क असा अख्खा स्टॅक उभा राहतो. कॉकपिटमध्ये ही सोय नाही. पण त्यासाठी डॉकरचं (पॉडमनसारख्याच सॉफ्टवेअरचं) सॉकेट, म्हणजे त्याला हुकूम द्यायची वाट, पोर्टेनरच्या हाती द्यावं लागतं, म्हणजे जवळपास रूटच्याच किल्ल्या. म्हणून हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, व्हीपीएनच्या (खासगी नेटवर्कच्या) आतच राहू द्या.