शार्लट आधी की जॅकी? समुद्रावरच्या दोन मुलींच्या दोन कादंबऱ्या

२०२५च्या मे महिन्यात 'तारिणी' गोव्याला परतली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जणी शिडाच्या बोटीतून आठ महिन्यांत पृथ्वीची फेरी करून आल्या होत्या. त्या बातम्या बघून माझ्या भाचीने हट्ट धरला, "मामा, अशी गोष्ट दे, ज्यात मुलगी खरंच जहाज चालवते." वय तेरा, इंग्रजी बऱ्यापैकी वाचते. शोधता शोधता मी दोन पुस्तकांपाशी येऊन थांबलो. एक आवी यांचं 'द ट्रू कन्फेशन्स ऑफ शार्लट डॉइल' (१९९०), दुसरं एल. ए. मायर यांचं 'ब्लडी जॅक' (२००२). दोन्ही आधी मी वाचली, मग तिच्यासोबत पुन्हा वाचली.

पकड लगेच घेतं ते 'ब्लडी जॅक'. लंडनच्या रस्त्यावर वाढलेली अनाथ मेरी, टोळीचा म्होरक्या मारला गेल्यावर त्याचेच कपडे अंगावर चढवते, मुलगा बनते आणि वाचता येतं एवढ्या बळावर 'डॉल्फिन' या ब्रिटिश युद्धनौकेवर पोऱ्या म्हणून लागते. मायर स्वतः अमेरिकन नौदलात होते. मेरी गल्लीतल्या बोलीत बोलते आणि शब्द उच्चाराबरहुकूम छापलेत, त्यामुळे शब्दकोश फारसा कामाला येत नाही. मोठ्याने वाचलं की बरंचसं उलगडतं. आमची ती अडचण दोन दिवसांत संपली.

संपली नाही ती दुसरी गोष्ट. वेषांतर.

वेषांतर खोटं वाटतं असं माझं म्हणणं नाही. हॅना स्नेल नावाची इंग्रज बाई पुरुषाच्या वेषात आरमारासोबत थेट आपल्याकडे, १७४८च्या पाँडिचेरीच्या वेढ्यापर्यंत आली होती; १७५०मध्ये तिने स्वतःच गुपित फोडलं आणि पुढे तिला निवृत्तिवेतनही मिळालं. मायर यांनी वेषांतराचा त्रासही प्रामाणिकपणे लिहिलाय. आडोशाला कुठे जायचं, पाळी सुरू झाल्यावर विचारायचं कोणाला, हे प्रश्न मुलांच्या समुद्रकथांत कधी येतच नाहीत. पण हळूहळू सगळी कथा त्या एका भीतीभोवती फिरू लागते. मेरी दोरांवर चढते, लढाईत टिकते, सोबत्यांचा जीव वाचवते, आणि दर काही पानांनी प्रश्न पुन्हा तोच: कळलं तर? तिची सगळी कर्तबगारी 'जॅकी' या मुलाच्या नावावर जमा होत राहते. भाचीने अर्ध्यावर पुस्तक खाली ठेवून विचारलं, "म्हणजे मुलगी आहे हे कळलं की हिला काढूनच टाकणार ना?" माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. हर्णैच्या बंदरावर तिने पाहिलंय, लिलावात बायकांचा आवाज सगळ्यात मोठा, पण होडीवर बाई दिसत नाही. त्यामुळे तिचा प्रश्न मला पुस्तकापुरता वाटला नाही.

शार्लटच्या बाबतीत हे कोडंच नाही. १८३२ साल, लिव्हरपूलहून अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सला निघालेलं 'सीहॉक' हे जहाज. तेरा वर्षांची शार्लट हातमोजे घालून, प्रवासी म्हणून चढते. सुरुवातीला तिचा रागच येतो. कप्तान जॅगरी घरंदाज बोलतो म्हणून ती त्याच्यावर विश्वास टाकते आणि खलाशांचं बंड त्याच्या कानावर घालते. कोणाचंच नाव पहिलं येऊ नये म्हणून त्यांनी गोलाकार सह्या केलेला कागद तिने पाहिलेला असतो. त्याची किंमत जीवाने मोजली जाते, तिच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर ती खलाशांकडे जाते आणि काम मागते. मुलगी म्हणूनच, तिच्या नावासकट.

ते परीक्षा घेतात: मुख्य डोलकाठीच्या टोकाला हात लावून ये. उंची १३० फूट, म्हणजे साधारण बारा मजली इमारत, आणि तीही झुलती. दोरशिडीवर पाय कसा ठेवायचा, वर जावं तसा जहाजाचा झोका कसा वाढतो, उतरताना पायाला दोर कसा सापडत नाही, हे सगळं आवी घाई न करता लिहितात. आम्ही ते प्रकरण रात्री मोठ्याने वाचलं. भाची मांडीखालची चादर मुठीत धरून बसली होती. पुस्तकाच्या शेवटी जहाजाची आकृती आहे. दुसऱ्या दिवशी तिने त्यावर बोट फिरवत शार्लट कुठून कुठे चढली ते मला दाखवलं.

शार्लटमध्येही उणीव आहे. जहाजावर ती एकटीच बाई. मैत्रीण नाही, मोठी बहीण नाही. आधार म्हणून म्हातारा कृष्णवर्णीय आचारी झकारिया. एकापेक्षा जास्त नायिका हव्या असतील तर सीलिया रीस यांचं 'पायरेट्स!' (२००३) बघावं. त्यात ब्रिस्टलच्या व्यापाऱ्याची मुलगी नॅन्सी आणि गुलामीतून निसटलेली मिनर्व्हा दोघी चाच्यांत सामील होतात. जमैकाच्या मळ्यांवरचा छळ त्यात थेट येतो, म्हणून मी ते दोन वर्षं लांबवलंय.

'ब्लडी जॅक'मध्येही मेरीवर बळजबरीचा प्रयत्न होतो. तेराव्या वर्षी देताना ते पान आधी स्वतः वाचून ठेवावं, आणि शक्य झालं तर सोबत बसावं. ज्याला एकाच नायिकेसोबत वर्षभर राहायचंय, त्याच्यासाठी मात्र ती निवड चुकीची म्हणता येणार नाही. मालिकेत बारा पुस्तकं आहेत. आमच्याकडे जॅकी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा उघडली आणि या खेपेला भाचीने ती संपवलीही. पण पलंगाशेजारी, आकृतीच्या पानाशी दुमडलेलं, अजून शार्लटच असतं.