अ‍ॅक्सिअल ज्वालामुखी: तळाचा दाब बघावा की भूकंप मोजावेत?

आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट, पण तो कधीचा थंडावलेला. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात प्रकल्पासाठी जिवंत ज्वालामुखी हवा असेल, तर अ‍ॅक्सिअल सीमाउंट हा समुद्राखालचा ज्वालामुखी सोयीचा. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यापासून सुमारे 480 किमीवर, वर दीड किलोमीटर पाणी, आणि उपकरणं केबलने किनाऱ्याला जोडलेली. त्यांचे आकडे भुसावळात बसूनही फुकट मिळतात. अडतं ते एवढ्यावरच, की समुद्रतळावरच्या पाण्याच्या दाबाचा आलेख धरायचा की भूकंपांचा. झुकावमापक आणि हायड्रोफोनही (पाण्याखालचे आवाज टिपणारे मापक) आहेत, पण पहिल्या खेपेला त्यांच्या नादी न लागलेलं बरं.

भूकंपांचा आलेख दिसायला सोपा: रोजचा एक आकडा, एक खांब. ऐन उद्रेकाच्या घटकेला त्याच्याइतकं बोलकं काही नाही. 24 एप्रिल 2015 ला एका दिवसात सुमारे आठ हजार धक्के नोंदले गेले. एरवी मात्र हा आकडा फार चकवतो. फिन व्हेलची हाक साधारण 20 हर्ट्झची असते आणि तळावरचे भूकंपमापक ती इमानदारीने टिपतात. ती चाळून काढावी लागते, आणि हिवाळ्यात या हाकांचा जोर असतो. शिवाय ओहोटीला पाण्याचं वजन उतरतं आणि धक्के वाढतात, त्यामुळे तासातासाची तुलना फसते. मला खटकलं ते याहून वेगळंच: आज उतरवून घेतलेला आकडा आपोआप मोजलेला असतो आणि नंतरच्या तपासणीत बदलू शकतो. ज्या वहीतले जुने आकडे हलतात, त्या वहीवर वर्षभराचा प्रकल्प कसा उभा करायचा?

दाबाला सुरुवातीला मेहनत जास्त, हे कबूल. एक तर आलेख उलटा. खाली शिलारस साठून तळ फुगून वर आला की त्यावरचं पाणी कमी होतं, म्हणून दाब उतरतो. आलेख खाली गेला की मुलं 'खचला' म्हणून मोकळी होतात. आकडे पीएसआयमध्ये (दाबाचं एक एकक) असतील तर 1 पीएसआय म्हणजे समुद्राचं साधारण 68 सेंमी पाणी. आणि खरी डोकेदुखी भरती-ओहोटीची: पाणी दोन-तीन मीटर वरखाली होतं आणि आपण शोधतो महिन्याकाठी एखाद-दोन सेंटीमीटर. यावर उपाय असा: कॅल्डेराच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या खोलगट भागाच्या, मधल्या ठाण्याच्या दाबातून पूर्वेकडच्या ठाण्याचा दाब वजा करा. भरती दोन्हीकडे जवळपास सारखीच, ती कटते. मग दिवसाची सरासरी घ्या आणि आठवड्याला एकच बिंदू मांडा. वजाबाकीआधी दोन्हीकडच्या वेळा जुळल्यात ना, हे तपासा. काही मिनिटांचा फरक राहिला तरी भरती पुन्हा आलेखात डोकावते. पूर्वेचं ठाणंही थोडं वर येतच असतं, म्हणून हाती येतो तो फक्त मधला जादा फुगवटा. तो पूर्ण उंची म्हणून छापू नका.

दाबमापकाचा आकडाही वर्षाला काही सेंटीमीटरइतका आपोआप सरकतो. शास्त्रज्ञ पाणबुड्या यंत्राने एकच मापक ठरलेल्या खुणांवर फिरवून ती चूक काढतात. आपण एवढंच करायचं, की वर्षातल्या दोन-तीन सेंटीमीटरवर वाद घालायचा नाही. उपकरण बदललं की आलेखात पायरी दिसते. तिला उद्रेक समजू नका.

एवढं करूनही माझं मत दाबाकडेच झुकतं. हतनूर धरणात पाणी किती चढलंय हे रोज बघणाऱ्याला दरवाजे उघडायचा अंदाज आधी येतो. भोंगा ऐकणाऱ्याला ऐनवेळी कळतं. बिल चॅडविक आणि स्कॉट नूनर या शास्त्रज्ञांनी तळाच्या उंचीवरूनच 2014 मध्ये सांगितलं होतं, की 2015 मध्ये उद्रेक होईल, आणि तो झाला. तेव्हा तळ सुमारे 2.4 मीटर खचला. अर्थात पुढचा अंदाज 2025 अखेरचा होता आणि तो हुकला, म्हणून तारखेवर पैज लावू नये. ज्यांना नेमका उद्रेकाचा दिवस पकडायचाय, त्यांनी भूकंपच बघावेत.

दोन्ही ठेवायचे असतील तर एकाच तक्त्यात ठेवा: दाबाचा आठवड्याचा बिंदू आणि शेजारच्या रकान्यात आठवड्याची भूकंपसंख्या, ती कोणत्या तारखेला उतरवली त्या नोंदीसह. आणि वरच्या ओळीत ठळक 'यूटीसी' (जागतिक प्रमाणवेळ) लिहा. यूटीसीचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. ही ओळ विसरली की दोन रकाने एका दिवसाने घसरतात.