दाराआधी चौकट तपासणारा कंत्राटदार

घरातील दारांची बरीच कामे साठली होती आणि ती सगळी एकाच स्थानिक कंत्राटदाराला दिली. मुख्य दाराचा जुना लाकडी पल्ला उंबरठ्याला घासत होता आणि कुलपाची जीभ चौकटीवरच्या पट्टीतल्या खाचेत नीट बसत नव्हती. न्हाणीघराचे दार खालून कुजले होते. आणि आतल्या खोलीला नवी चौकट व नवा पल्ला बसवायचा होता. या कामांवरून माझे मत असे झाले आहे की हा माणूस दुरुस्तीत फार चांगला आहे, नवीन दार बसवण्यातही चांगला आहे, मात्र शेवटचा हात फिरवण्यात आणि कागदावर काम लिहून देण्यात तो कमी पडतो. तरीही दारांचे काम निघाले तर मी त्यालाच बोलावीन.

त्याचे कारण मुख्य दाराच्या पाहणीत आहे. याआधी याच दारासाठी बोलावलेल्या एका कारागिराने दमट दिवसांत पल्ला घासतो म्हणून त्याच्या कडेला रंधा मारला होता. तेव्हा दार सुरळीत लागू लागले. पण हवा कोरडी झाल्यावर त्याच कडेला बोटाएवढी फट पडली. लाकूड ओलावा घेते तेव्हा ते धाग्यांच्या आडव्या दिशेने फुगते आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही. त्यामुळे पल्ल्याची रुंदी हवामानाप्रमाणे बदलत राहते आणि फुगलेल्या अवस्थेत तासून काढलेले लाकूड पुढे कोरड्या दिवसांत कमी पडते. या कंत्राटदाराने मात्र रंधा पिशवीतून काढलाच नाही. त्याने दार अर्धवट उघडले, कडीच्या बाजूला हात घालून पल्ला वर उचलून पाहिला आणि वरच्या बिजागरीकडे बोट दाखवले. पल्ला उचलला की बिजागरीचे पान चौकटीपासून हलताना उघड दिसत होते. “पल्ल्याला हात लावायचा नाही, साहेब. दार खाली आलंय, वाढलेलं नाही,” एवढेच तो म्हणाला.

हे निदान किती महत्त्वाचे आहे, ते थोड्या हिशेबाने कळते. पल्ल्याचे वजन ३० किलो, रुंदी ९०० मिलिमीटर आणि वरच्या व खालच्या बिजागरीतील अंतर १७०० मिलिमीटर धरले, तर वरच्या बिजागरीला चौकटीपासून बाहेर खेचणारी ओढ सुमारे ८ किलोची असते आणि खालची बिजागरी तितक्याच जोराने आत दाबली जाते. ही ओढ दार नुसते उभे असतानाही चालू असते. म्हणून आधी वरचे स्क्रू सैल होतात, मग पल्ला कडीच्या बाजूने खाली झुकतो, मग तो उंबरठ्याला घासतो आणि कुलपाची जीभ खाचेच्या खाली येते. घरातल्या माणसाला घासणे आणि न लागणारे कुलूप हे दोन वेगळे दोष वाटतात. मूळ एकच असते. आमच्या बाबतीत तसेच निघाले. वरची बिजागरी पक्की केल्यावर कुलूप काहीही न करता लागू लागले, आणि पट्टीची खाच कानशीने मोठी करण्याची वेळच आली नाही. खाच मोठी केली असती, तर कुलूप तेवढ्यापुरते लागले असते, पण त्याची पकड सैल झाली असती आणि मुख्य दाराच्या बाबतीत ते मला मान्य झाले नसते.

दुरुस्तीही त्याने मन लावून केली. झिजलेल्या भोकांत काडीचे तुकडे कोंबून त्याच स्क्रूंना पुन्हा पिळण्याची सोपी वाट सर्रास निवडली जाते. त्याने भोके थोडी मोठी करून घेतली, त्यांत कठीण लाकडाच्या गोल खुंट्या सुताराच्या गोंदात बसवल्या, गोंद वाळेपर्यंत दार पाचरांवर टेकवून ठेवले, नंतर बारीक भोके पाडून नवे स्क्रू लावले आणि वरच्या बिजागरीचा एक स्क्रू ७५ मिलिमीटर लांबीचा वापरला, जेणेकरून तो चौकटीच्या पलीकडे भिंतीत पुरलेल्या लाकडापर्यंत पोहोचेल. शिवाय दोनच बिजागऱ्यांवर असलेल्या या जड पल्ल्याला तिसरी लावायला सांगितले. हे आपण होऊन सांगणारा कारागीर विश्वासाचा, असे मी मानतो.

न्हाणीघराच्या दाराबद्दल थोडक्यात लिहितो. प्लायचा पल्ला खालच्या कडेने पाणी शोषून सुटला होता आणि लाकडी चौकटीचे पायही मऊ पडले होते. त्याने डब्ल्यूपीसीचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा पल्ला सुचवला, जो कुजत नाही आणि ज्याला वाळवी लागत नाही. मात्र तो वजनदार असल्याने चांगल्या बिजागऱ्या लागतात आणि स्क्रूसाठी आधी भोक पाडावेच लागते, हेही त्याने सांगितले. चौकटीचा कुजलेला भाग कापून तेथे डब्ल्यूपीसीचाच तुकडा जोडला, आणि पल्ल्याखाली हवा खेळण्यासाठी सुमारे १० मिलिमीटर फट ठेवली.

नवी चौकट बसवताना मी मुद्दाम जवळ उभा होतो, कारण दाराचे पुढचे सगळे आयुष्य चौकटीवर ठरते. त्याने भिंतीतल्या जागेची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी वेगवेगळी मोजली, चौकट पाचरांवर उभी केली, दोन्ही बाजूंना ओळंबा लावला, माथ्यावर पाणसळ ठेवली आणि मग दोन्ही कर्ण मोजले. आतून २१०० बाय ९०० मिलिमीटरच्या चौकटीचा प्रत्येक कर्ण सुमारे २२८५ मिलिमीटर यायला हवा, आणि दोन्ही सारखे आले तरच कोपरे काटकोनात आहेत असे म्हणता येते. एवढ्यावर बहुतेक कारागीर थांबतात. त्याने आणखी एक तपासणी केली: चौकटीच्या दर्शनी बाजूवर कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन दोऱ्या ताणल्या. मध्यभागी त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. टेकण्याऐवजी त्यांच्यात अंतर दिसले किंवा एकीने दुसरीला दाबले, तर चौकट पिळलेली आहे असे समजावे. आमची किंचित पिळलेली निघाली, तेव्हा त्याने खालची एक पाचर काढून पुन्हा ठोकली आणि दोऱ्या टेकेपर्यंत पुढे गेला नाही. पिळलेल्या चौकटीत पल्ला कितीही सरळ असला तरी त्याचा एक कोपरा चौकटीला टेकतो आणि दुसरा बाहेर राहतो, आणि तो दोष नंतर काढणे फार अवघड जाते.

चौकट भिंतीला अँकरने बांधून उरलेल्या पोकळीत फोम भरताना त्याने चौकटीच्या आत आडवे दांडे लावले. फोम फुगताना चौकटीच्या उभ्या बाजूंना आत ढकलतो, आणि आधार नसेल तर मध्येच पोट येते. दांडे फोम पूर्ण घट्ट होईपर्यंत तसेच ठेवले गेले. घाई केली नाही, याचा मला विशेष आनंद झाला.

आता उणिवा. बिजागऱ्यांच्या खाचा पाडण्याचे काम त्याने मदतनिसाकडे सोपवले आणि एक खाच पटाशीने गरजेपेक्षा खोल गेली. अशा वेळी पल्ला बिजागरीच्या बाजूला चौकटीवर दाबला जातो आणि लावलेले दार थोडे परत उघडते. नवा पल्ला नेमका तसाच वागत होता. दाखवून दिल्यावर कंत्राटदाराने बिजागरीच्या पानामागे पातळ पट्टी घालून तो दोष काढला आणि तिन्ही बाजूंची फट २ ते ३ मिलिमीटर अशी एकसारखी आणली. पण स्वतःच्या माणसाचे काम त्याने मी सांगण्याआधी तपासायला हवे होते.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. पल्ल्याच्या दर्शनी बाजूंना रंग झाला, उभ्या कडांनाही झाला, पण वरची आणि खालची कड कोरीच राहिली. लाकडाच्या धाग्यांची टोके जेथे उघडी पडतात तेथून ओलावा सर्वांत लवकर आत शिरतो, आणि या कडा डोळ्यांना दिसत नसल्यामुळेच त्या विसरल्या जातात. न्हाणीघराचे जुने दार याच वाटेने कुजले होते. खालची कड रंगवायची तर पल्ला पुन्हा उतरवावा लागतो, म्हणून मदतनीस कुरकुरला. कंत्राटदाराने मात्र वाद न घालता पल्ला उतरवला आणि दोन्ही कडांना ओलावा अडवणाऱ्या सीलरचे दोन हात दिले. इतक्या चांगल्या कामात ही गोष्ट मला सांगावी लागली, याचे वाईट वाटते.

अंदाजपत्रकाचेही तसेच. त्याने दिलेल्या कागदावर ‘दार बसवणे’ आणि ‘दार दुरुस्ती’ एवढेच शब्द होते. बिजागऱ्या, कुलूप, हँडल आणि स्टॉपर कोण आणणार, जुनी चौकट काढल्यावर भिंतीची फुटलेली कड कोण भरणार, राडारोडा कोण नेणार, रंग त्यात आहे की नाही, याचा उल्लेख नव्हता. हे सगळे मी तोंडी ठरवून घेतले आणि त्याने शब्द पाळला, पण प्रत्येक माणसाच्या वाट्याला असा अनुभव येईलच असे नाही. ज्यांना त्याला काम द्यायचे असेल त्यांनी पल्ल्याची जाडी आणि सामग्री, बिजागऱ्यांची संख्या, सर्व सहा बाजूंना रंग किंवा सीलर, आणि शेवटचा हप्ता कुलूप तपासल्यानंतर, एवढे तरी लिहून घ्यावे. इमारतीतील मुख्य दार अग्निरोधक प्रकारचे असेल, तर ते तासणे, त्यात नवे कुलूप कोरणे किंवा कडेच्या पट्ट्या काढणे त्याला परस्पर करू देऊ नये. त्या दाराची फट आणि पट्ट्या हा त्याच्या संरक्षणाचाच भाग असतो. हा प्रश्न मी विचारला तेव्हा त्याने स्वतःच अशा दारांना उत्पादकाच्या सूचनेशिवाय हात लावत नसल्याचे सांगितले.

काम संपल्यानंतर हवामान बदलले तसा आतल्या खोलीचा पल्ला कुलपाच्या बाजूला किंचित घट्ट झाला. फोन केल्यावर कंत्राटदार स्वतः आला, चौकटीतली कुलपाची पट्टी जराशी आत सरकवून बसवली, रंध्याला हात लावला नाही आणि त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत. त्यानंतर दार व्यवस्थित लागते आहे.