टायमिंग लाइट: वायर आखूड, नजर पक्की

ही टायमिंग लाइट घरात आली तेव्हा पहिला आठवडा आबा तिला ‘तुझं ते पिस्तूल’ म्हणत होते. दिसतेही तशीच. धरायला मूठ, बोटाखाली घोडा, पुढे भिंग, पाठीवर अंशांचा गोल डायल. शेपटीला तीन वायरी: एकीला लाल चिमटा, दुसरीला काळा, आणि तिसरीला एक नंबरच्या प्लगच्या वायरीला विळखा घालणारा जाडसर क्लॅम्प. पाच महिने वापरून झाली. मध्यंतरी आबांनी तिला एकदा चुकून ‘आपली लाइट’ही म्हटलं, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

गाडी कोणती ते आधी सांगते, कारण माझ्या निम्म्या तक्रारी गाडीमुळेच आहेत. आबांची 1959 ची मॉरिस मायनर. इंजिन 948 सीसीचं, नवं होतं तेव्हा 37 हॉर्सपॉवर. मिचमिचणाऱ्या इंडिकेटरच्या जागी दाराजवळच्या खांबातून बाहेर येणारे छोटे हात. आमच्या गाडीत डावा हात लगेच येतो, उजवा आधी विचार करतो. मायनर 1948 ते 1971 बनत राहिली, सोळा लाखांच्या वर गाड्या निघाल्या, म्हणून तिचे पार्ट अजून मिळतात. आमची मात्र अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. आबांचे गुडघे आणि गाडीचे ब्रेक साधारण एकाच सुमाराला गेले. ब्रेक, तळाचा गंजलेला पत्रा, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग यात आमचं दीड वर्ष गेलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज फक्त टायमिंग, म्हणजे पिस्टन वर येताना प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडते ते. लाइट त्या ठिणगीबरोबर चमकते, म्हणून फिरत्या पुलीवरची खूण त्या क्षणी कुठे आहे ते दिसतं.

आबा टायमिंग दिव्यावर लावतात. दिवा म्हणजे बारा व्होल्टचा पार्किंगचा बल्ब, एक होल्डर, दोन वायरी, दोन चिमटे. माझ्या आईच्या जन्माच्या आधीपासून तो त्यांच्या हत्यारांच्या डब्यात आहे. पद्धत अशी: एक नंबरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा ठेवायचा आणि दुसऱ्याने समोरून हँडलने इंजिन सावकाश फिरवायचं. आतली हवा अंगठ्याला ढकलायला लागली की समजायचं, पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय. मग पुलीवरची खाच टायमिंग कव्हरच्या दात्याशी जुळवायची. दिव्याचा एक चिमटा डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा भाग) बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरा बॉडीला, इग्निशन चालू, आणि डिस्ट्रिब्युटर केसाकेसाने फिरवायचा. पॉइंट, म्हणजे त्याच्या आतले उघडमीट करणारे संपर्क, उघडले त्या क्षणी दिवा लागतो, आणि ठिणगीही तेव्हाच पडते. लागला की तिथेच बोल्ट आवळायचा. पॉइंटचा गॅप मात्र आधी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) 0.015 इंच केलेला हवा, नाहीतर मुसळ केरात.

हे सगळं इंजिन बंद असताना होतं, आणि चोख होतं. अकरा वर्षांनी आमचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते या दिव्याच्या जोरावर. (खरं तर दुसऱ्या प्रयत्नात. पहिल्या वेळी प्लगच्या वायरी मी लावल्या होत्या. क्रम 1-3-4-2 बरोबर होता, पण या इंजिनात डिस्ट्रिब्युटरमधला रोटर, जो फिरत एकेका वायरीला वीज देतो, घड्याळाच्या उलटा फिरतो आणि मी सुलटा धरला होता. कार्बुरेटरमधून असा बार निघाला की आबांना मशीन न लावताही ऐकू आला.)

मशीनचं सांगायलाच हवं. दिव्यावर जुळवल्यानंतरचा शेवटचा हात आबा नेहमी कानाने फिरवायचे. थोडी रेस द्यायची, ऐकायचं, डिस्ट्रिब्युटरवरचा टायमिंगचा नट फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. आता त्यांच्या कानात मशीन असतं, आणि गाडीपाशी आले की ते काढून खिशात ठेवतात. इंजिनचा आवाज त्यातून पत्र्यावर खडे ओतल्यासारखा येतो म्हणतात. त्याऐवजी लांब स्क्रू ड्रायव्हर ब्लॉकला टेकवतात आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावतात. बेअरिंगची घरघर त्यावर त्यांना बरोबर कळते. अंश-दोन अंश टायमिंग कळत नाही. इंजिन स्लोला ठोके चुकवत होतं, आबा सलग तीन संध्याकाळी तो नट मागेपुढे करत होते आणि ठोके चुकायचे थांबत नव्हते. त्यांनी काही कबूल केलं नाही, मी काही विचारलं नाही. लाइट मागवली.

पहिल्या दिवशी ती लागलीच नाही. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: लाल चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा इंजिनच्या कुठल्याही उघड्या धातूला. मी अक्षरशः तसं केलं. घोडा दाबला, ठार अंधार. मी खोकं शोधायला लागले, परत पाठवण्यासाठी. आबा स्टुलावरून उठलेसुद्धा नाहीत.

“अगं, दोन्ही चिमटे एकाच ठिकाणी लावलेस.”

मायनर पॉझिटिव्ह अर्थिंगची. बॅटरीचं पॉझिटिव्ह टोकच बॉडीला जोडलेलं असतं, म्हणजे पॉझिटिव्ह काय आणि इंजिनचा धातू काय, वीज वाहायला दुसरं टोकच नाही. काळा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावला आणि लाइट फटाफट लखलखायला लागली. जुन्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत तेच लोक असली लाइट घेणार, कारण नव्या गाड्यांमध्ये डिस्ट्रिब्युटर उरलाच नाही. मग कागदावर ही एक ओळ घालायला काय हरकत होती? त्यातून ‘लाल म्हणजे लाइव्ह’ असं समजून कोणी चिमटे उलटे लावले, तर काही लाइट आतून जळून जातात. तुमची गाडी जुनी असेल तर कागद बाजूला ठेवा आणि बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेलीय ते आधी डोळ्यांनी बघा.

दुसरी तक्रार वायरींची, आणि ती मोठी आहे. मायनरमध्ये टायमिंगचे दाते टायमिंग कव्हरच्या तळाशी आहेत. तीन टोकं: सर्वांत लांब टोक म्हणजे शून्य (पिस्टन अगदी वर), बाकीची दोन पाच आणि दहा अंश आधीची. ती बघायची तर गाडीखाली जावं लागतं, आणि बॅटरी आहे मागे, वर, काचेखालच्या पत्र्यापाशी. लाइटच्या वायरी जेमतेम बंपरपर्यंत येतात. क्लॅम्पचं भागलं, कारण एक नंबरचा प्लग पुढेच आहे. लाल-काळ्यासाठी आबांनी जुन्या टेबललॅम्पची वायर कापून जोड दिला. सोल्डर करून, वर चिकटपट्टी, त्यावर पुन्हा चिकटपट्टी. लाइट आता आमच्या हातात पुरते, पण विकत घेतलेल्या वस्तूला पहिल्याच आठवड्यात ठिगळ लावायला लागणं मला तरी रुचलं नाही.

गाडी स्टँडवर होती हे लिहून ठेवते. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली आबा मांजरालाही जाऊ देत नाहीत. सुरू करण्याआधी त्यांनी मला केस घट्ट बांधायला लावले, ओढणी काढून घेतली आणि वायरी पंख्यापासून लांब दोरीने बांधल्या. मला ते जरा जास्तच वाटलं होतं. मग घोडा दाबला आणि मिनिटाला आठशे फेरे मारणारी पुली माझ्या नाकासमोर जागच्या जागी उभी राहिली. इतकी स्थिर की बोट लावून खाचेतली घाण पुसावीशी वाटली. ते बघितल्यावर ओढणीबद्दल काही बोलले नाही.

खाच दिसण्यासाठी आबा खडू वापरायचे. तेल लागलं की खडू जातो. मी पांढरं नेलपॉलिश भरलं, ते अजून टिकून आहे.

आणि आता ज्यासाठी ही लाइट घ्यावी ते. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी (तीही टायमिंग हलवते) काढून तिचं तोंड बंद केलं, इंजिन स्लोला सोडलं. अशा वेळी पांढरी खूण एका जागी दिसायला हवी. आमची नाचत होती. पाचच्या दात्यापासून शून्याकडे, परत मागे, मध्येच उडी. मी खालून ओरडून सांगितलं. वरून निकाल आला: “लाइट खराब आहे.”

मी क्लॅम्प पुसला, उलटसुलट करून पाहिला (त्यावर बाण असतो, तो प्लगच्या दिशेला हवा). नाच चालूच. मग आबांनीच तोड काढली. चार सिलिंडरच्या या इंजिनात एक आणि चार नंबरचे पिस्टन बरोबर वर येतात, तेव्हा क्लॅम्प चार नंबरच्या वायरीवर लावला तरी खूण त्याच जागी दिसली पाहिजे. लावला. खूण नाचत होतीच, पण आता भलतीकडेच, दोनेक अंश सरकून. इंजिन तेच, लाइट तीच, फक्त वायर बदलली तर जागा बदलली. म्हणजे खोट डिस्ट्रिब्युटरमध्ये.

आबांनी कॅप उघडली, रोटर काढला आणि मधला शाफ्ट चिमटीत धरून आडवा हलवला. टक. टक. शाफ्टला धरणारा बुश झिजला होता. शाफ्ट डगमगला की प्रत्येक सिलिंडरच्या वेळी पॉइंट थोडे वेगळे उघडतात, त्यामुळे प्रत्येकाचं टायमिंग वेगळं. उभ्या इंजिनावर दिवा लावला तर तो फक्त एकाच सिलिंडरची गोष्ट सांगतो, आणि तीही शाफ्ट शांत उभा असतानाची. त्याने खोटं सांगितलं नव्हतं, त्याला विचारलंच तेवढं होतं. तीन संध्याकाळी नट फिरवून जे सापडलं नाही ते असं सापडलं. आबा बराच वेळ शाफ्ट हलवत उभे होते. मग म्हणाले, “तेल आण.”

नवा बुश एक दिवस इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा असतो, तो सच्छिद्र ब्राँझचा असतो आणि तेल पिऊन बसतो. जुना काढणं, नवा बसवणं हे आबांनी केलं, माझ्याकडे फक्त शाफ्टच्या खालच्या डॉगवर (इंजिनात अडकणारा तुकडा) खूण करायचं काम. त्याच्या जिभा मधोमध नसतात, उलटा बसवला की टायमिंग अर्ध्या फेरीने चुकतं. जोडल्यावर आधी आबांचा दिवा, मग माझी लाइट. खूण दगडासारखी उभी. चार नंबरवर क्लॅम्प नेला, तिथेही तिथेच.

पाठीवरच्या डायलला मी सुरुवातीला हसले होते, शोभेचा म्हणून. तो शब्द परत घेते. मायनरचे दाते दहा अंशांवर संपतात, आणि इंजिनला रेस दिल्यावर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं टायमिंग त्याच्या कितीतरी पुढे नेतात. तिथे मोजायला कव्हरवर खूणच नाही. डायल फिरवत गेलं की लाइट तेवढी उशिरा चमकते. खूण परत शून्याच्या दात्यावर आली की डायलवरचा आकडा म्हणजे त्या रेसला मिळणारा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते. आमच्याकडे तो बराच वेळ हलायचाच नाही आणि मग एकदम उडी मारायचा. वजनं सुकून अडकली होती. तेलाचे चार थेंब, काम झालं. बिनडायलची साधी लाइट घ्यायच्या विचारात असाल तर एवढ्यासाठी तरी घेऊ नका.

किरकोळ कुरबुरी: उन्हात खूण दिसत नाही, संध्याकाळची वाट बघावी लागते. घोडा सतत दाबून धरावा लागतो, बोट आखडतं. अंग प्लॅस्टिकचं आहे, एक्झॉस्टला चुकून टेकलं तर वास येतो (आला). पाचपैकी साडेतीन देते, कापलेला दीड वायरींचा आणि त्या कागदाचा.

घेणाऱ्याने हेही धरून चालावं की बंद पडलेली गाडी हिच्यावर सुरू होत नाही. प्लगमध्ये ठिणगी पडल्याशिवाय ही चमकतच नाही. तिथपर्यंत न्यायला बल्ब आणि दोन वायरीच लागतात, त्या कुठल्याही घरात निघतील.

आमच्या डिस्ट्रिब्युटरला एक खाचांचा छोटा नट आहे, शेजारी ए आणि आर अशी अक्षरं: ॲडव्हान्स, रिटार्ड. बोटाने फिरवला की टिकटिक करत टायमिंग इकडचं तिकडे होतं. पेट्रोल बदललं तर थोडंफार जुळवून घेता यावं म्हणून दिलेला. काल रात्री मी खूण बरोबर दात्यावर आणली, वहीत तारीख घालून लिहिलं. आज इंजिन सुरू करून सहज लाइट धरली तर खूण अंशभर पुढे. नटावरच्या तेलकट धुळीत बोटांचे ताजे ठसे होते. आबांना हाक मारली. ते स्टुलावर बसून पाने पुसत होते, मशीन खिशात.